डबीतला पक्षी पंख हलवतो, मान वळवतो, पण गाणं म्हणजे नुसतं फुसफुस

खुडबुड्या

मंडळी, विषय जरा वेगळाच आहे पण इथे कुणी ना कुणी जाणकार निघतोच म्हणून टाकतोय. आत्याच्या कपाटातून एक डबी माझ्याकडे आलीये. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी, चांदीसारखी, चारी अंगांनी वेलबुट्टी कोरलेली. वर मधोमध अंडाकृती झाकण, त्यावर मीनाकारीत तळ्याकाठचं चित्र. पुढच्या कडेला बारीक खटका आहे, तो सरकवला की झाकण टाचकन उघडतं आणि आत आडवा झोपलेला पक्षी उठून उभा राहतो. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा असेल नसेल, हिरव्या-निळ्या खऱ्या पिसांचा. डावीउजवीकडे वळतो, चोच उघडतो मिटतो, पंख फडफडवतो, शेपटीसुद्धा हलवतो आणि पंधरावीस सेकंदांनी धपकन आडवा होतो, झाकण फट्. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दचकून डबी खाली टाकणारच होतो.

आता रडगाणं. हालचाल सगळी झकास, आवाज नाही. आत्या म्हणते तिच्या लहानपणी हा असा गायचा की घरातली मांजर कान टवकारून टेबलावर चढायची. आता खालचे दोनचार सूर कसेबसे येतात, घसा बसल्यासारखे, आणि वरच्या सुरांच्या जागी नुसती हवा, फुस्स फुस्स. मधे मधे टुकटुक ऐकू येते ती बहुतेक चाकांची.

माझा अंदाज असा की आत सात-आठ बारक्या शिट्ट्या असणार आणि त्यातल्या वरच्या सुरांच्या तुंबल्या असणार. शेजारचे काका म्हणाले शिलाई मशीनचं तेल सोड दोन थेंब, सगळं मोकळं होईल. तेल हातात घेऊन बसलोय पण धीर होत नाहीये. आणि ही डबी नक्की किती जुनी असेल, आत्या तर सगळ्यांना दोनशे वर्षांची म्हणून सांगते. नाव कुठेच नाही.

चावी_अर्धी

तेलाची बाटली आधी बूच लावून कपाटात ठेव. मग वाच.

पहिली गोष्ट, आत सात-आठ शिट्ट्या नाहीत. एकच आहे. हे ऐकून मीही पहिल्यांदा विश्वास ठेवला नव्हता पण सगळी गंमत त्यातच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, वेळ नसेल तर शेवटचा परिच्छेद वाच.

याच्या आधीची जी यांत्रिक पक्षीगाणी होती ती खरंच अनेक नळ्यांवर चालायची. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये सेरिनेत नावाची एक छोटी हाताने फिरवायची पेटी असायची, पाळलेल्या कॅनरी पक्ष्यांना धून शिकवायला. माणूस दांडा फिरवणार, खिळे मारलेला रूळ फिरणार, खिळा ज्या नळीची झडप उचलेल ती वाजणार. म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीसारखंच, एका सुराला एक जागा. आता पेटीवर काय होत नाही? मींड होत नाही. सा वरून उडी मारून रे वर जाता येतं पण मधल्या जागेतून घसरत जाता येत नाही. आणि पक्षी तर सगळा घसरतच गातो, त्याच्या गळ्यात पायऱ्या नाहीतच.

१७८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या जाके-द्रो आणि त्यांचे भागीदार लेशो या घड्याळजींच्या कामात जी युक्ती दिसते ती ही, की नळ्यांची रांग काढून टाकायची आणि एकाच शिट्टीत मागून दट्ट्या बसवायचा. दट्ट्या मागे ओढला की आतली हवेची जागा लांब, सूर खाली. पुढे ढकलला की जागा आखूड, सूर वर. आणि ढकलता ढकलता फुंकर चालू ठेवली तर मधला सगळा प्रवास ऐकू येतो. झाली मींड. शिवाय सात नळ्यांची जागा वाचली म्हणून हे सगळं खिशातल्या डबीत मावायला लागलं.

हिशोब करून बघ. एका टोकाला बंद असलेल्या नळीत सूर लांबीच्या चौपटीवर ठरतो. ३ सेंटीमीटर लांबी धरली तर साधारण २८५० हर्ट्झ येतात, दट्ट्या अर्ध्यावर आणला की दुप्पट, ५७०० च्या आसपास. म्हणजे दीड सेंटीमीटरच्या सरकण्यात पूर्ण सप्तक, आणि तेही नेमकं त्या पट्टीत जिथे बरेचसे छोटे पक्षी गातात. केसभर दट्ट्या चुकला तर सूर चुकला हेही त्यातच आलं.

मग दट्ट्याला सांगतो कोण की आता पुढे जा आता मागे ये? पितळी चकत्या. एका दांड्यावर चकत्यांची चळत असते, प्रत्येकीची कड वेडीवाकडी कापलेली, चढ उतार खाचा. कडेवर एका पट्टीचं टोक घासत जातं आणि चढ आला की पट्टी उचलली जाते. एक चकती दट्ट्या हलवते, दुसरी हवेची झडप उघडबंद करते. दुसरीच्या कडेला बारीक दात असतात, त्या प्रत्येक दातावर एक चिव. नुसता दट्ट्या हलला आणि झडप उघडीच राहिली तर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजल्यासारखं होईल, पक्षी वाटणारच नाही. तोडणं महत्त्वाचं आहे, ओढण्याइतकंच. उरलेल्या चकत्या चोच, पंख, शेपटी, वळणं बघतात. गाणं कुठे लिहिलंय विचारलंस तर त्या पितळेच्या कडेवर, कानसीने लिहिलंय.

आता तुझा आजार. दट्ट्या अडकला असता तर सगळं गाणं एकाच सुरावर आलं असतं, चिव चिव चिव. झडप अडकली असती तर न तुटता भोंगा आला असता. तुझं काय होतंय, खालचे सूर येतात आणि वरचे येत नाहीत. आखूड नळी बोलायला फुंकर जोरात लागते, म्हणजे दाब कमी पडतोय. म्हणजे शिट्टीला हवा देणारा भाता फाटलाय. माझ्या हाताखालून ज्या गेल्या त्यात दहातल्या सात-आठ तक्रारी भात्याच्याच होत्या. भाता अतिशय पातळ कातडीचा असतो, बऱ्याचदा गुरांच्या आतड्याच्या पापुद्र्याचा, सोन्याचा वर्ख ठोकताना पानांच्या मधे घालायचे त्याच जातीचा. घडीवर घडी, तीस-चाळीस वर्षांनी घडीच्या रेषेवर तडकतो. त्याच्यावर तेल पडलं तर उरलासुरलाही गेला. दट्ट्याला तर तेल कधीच नाही, तो कोरडाच पळायला हवा, तेलाने धूळ धरली की चिकटतो आणि मग एकाच्या जागी दोन आजार.

मैना

मला यातलं ओ की ठो कळत नाही पण मींडचं वाचून मजा आली. एक बाळबोध प्रश्न, चोच बरोबर सुरावर कशी उघडते? म्हणजे कान तर नाहीत त्याला.

चावी_अर्धी

मैनाताई, बाळबोध कसला, बरोबर जागी बोट ठेवलंत. सगळ्या चकत्या एकाच दांड्यावर, एकमेकींना घट्ट पकडून. दांडा एक फेरा फिरला की गाण्याचाही एक फेरा आणि हालचालीचाही. त्यामुळे चोचेच्या चकतीवरचा चढ झडपेच्या दाताच्या समोर कापला की काम झालं, ते दोघं शंभर वर्षांनीही एकत्रच येणार. कारागिराने मात्र एक चकती जरी केसभर फिरवून बसवली तरी पक्षी आधी गातो मग चोच उघडतो, वाईट डबिंग केल्यासारखा. अशा मी बघितल्यात.

आणि बाहेरून दिसत नाही ती कमाल पक्ष्याच्या पायाखाली आहे. तो आडवा पडतो म्हणजे बिजागरीवर फिरतो. चोच पंख शेपटी हलवणाऱ्या तारा त्या बिजागरीतूनच वर जातात, आणि त्याला वळायचंही असतं. एवढुशा छातीत एवढी गर्दी.

तपकीर

उशीर झाला यायला. चावीदादांनी यंत्र सांगितलं, मी वयाकडे येतो कारण दोनशे वर्षं वाचून मला जरा खोकला आला.

या डब्यांना फ्रेंचमध्ये तबातिएर म्हणतात, म्हणजे सरळ सरळ तपकिरीची डबी (माझ्या नावाचा इथे काही संबंध नाही). आकार तिथून आला, तपकीर सहसा आत कुणी घालायचं नाही. जाके-द्रोंचं दुकान ला शो-द-फाँ मध्ये, वडील पिएर, मुलगा आँरी-लुई, आणि लेशो हा त्यांनी घरच्यासारखा वाढवलेला. १७७४ मध्ये लोकांना दाखवलेली लिहिणाऱ्या मुलाची, चित्र काढणाऱ्या मुलाची आणि वाद्य वाजवणाऱ्या बाईची यंत्रं यांचीच, ती आजही न्यूशातेलच्या म्युझियममध्ये चालू स्थितीत आहेत. त्यांच्या पक्ष्यांच्या डब्या सोन्याच्या, मीनाकारीच्या, मोत्यांच्या, आणि त्यातला मोठा माल लंडनमार्गे चीनला जायचा. पिएर १७९० ला गेले, मुलगा लगेच १७९१ ला, लेशो मात्र १८२४ पर्यंत होते. पुढे जिनेव्हात रोशा घराणं, मग ब्रुगिए बापलेक. पॅरिसचे बोंताँ १९ व्या शतकाच्या मध्यापासून, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांसाठी जास्त नावाजलेले, त्यांचं गाणं खऱ्या पक्ष्याला सगळ्यात जवळ जातं असं माझं मत, भांडायला तयार आहे. १९६० मध्ये बोंताँ स्वित्झर्लंडच्या रूज कंपनीकडे गेलं. आणि जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ट्रीबेर्गला कार्ल ग्रीसबाउम, २० व्या शतकातला चांदीच्या डब्यांचा भरपूर माल त्यांचा.

तर वय ओळखायचं कसं. जुन्या जिनेव्हा डब्यांत स्प्रिंगच्या डब्याशेजारी एक निमुळता शंकू असतो आणि दोघांमधे सायकलच्या चेनची नात शोभेल अशी बारीक साखळी. स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त, उतरताना कमी, तो फरक शंकू भरून काढतो. पुढे यंत्र सोपं झालं, साखळी गेली. तुझ्यात साखळी नसेल तर दोनशे वर्षं विसर.

दुसरं, डबी चांदीची म्हणतोस तर छाप शोध. झाकणाच्या आतल्या कडेला, तळाला, भिंगाने. चंद्रकोर आणि शेजारी मुकुट, आणि ८०० किंवा ८३५ असा आकडा असेल तर जर्मनीतली चांदी. जर्मन सिल्व्हर नव्हे बरं का, त्यात चांदीचा कणही नसतो, जर्मनीतली खरी चांदी. तो छाप तिकडे १८८८ पासून आहे, त्याआधीच्या वस्तूवर तो असूच शकत नाही.

तिसरं, स्क्रू. हाताने आटे पाडलेल्या काळात एक स्क्रू दुसऱ्या भोकात बसायचा नाही, म्हणून कारागीर स्क्रूवर आणि भोकाशेजारी टिंब मारून जोड्या लावायचे. सगळे स्क्रू एकसारखे असतील तर कारखान्यातला माल.

निळापंख

नवीन सभासद, पण इथे बोललंच पाहिजे. पिसांवरून सांगतो, हिरवा-निळा पक्षी आहे म्हणजे शंभर टक्के जाके-द्रो. मी फोटोत बघितलंय अगदी तसाच.

तपकीर

निळापंखराव, स्वागत आहे, पण पिसांवरून ठरत नाही हो. चमकणारी पिसं बहुतेक हमिंगबर्डची, आणि ती जुन्यांनी वापरली तशी नव्यांनीही वापरली. शिवाय पिसं हा या वस्तूतला सगळ्यात जास्त वेळा बदललेला भाग. आतलं यंत्र १८३० चं आणि पिसं परवाची असं सर्रास असतं. पक्ष्यावरून वय ठरवणं म्हणजे गवसणीवरून तंबोऱ्याचं वय सांगणं.

अडगळ

मी माझी फजिती सांगतो म्हणजे खुडबुड्याने ती करू नये. माझ्याकडे कासवाच्या पाठीची एक आहे, पेटीला पेटी म्हणून सुंदर. एकदा गाणं चालू असताना मधेच बंद पडली, पक्षी उभाच, चोच वासून. चावी संपली होती एवढंच. मला वाटलं अडकलाय, आणि मी बोटाने हळूच, अगदी हळूच, त्याला आडवा केला आणि झाकण लावलं. कट् असा आवाज आला तो अजून कानात आहे. चोचेची तार वाकली. त्यानंतर पक्षी गायचा पण तोंड मिटून, गुणगुणल्यासारखा. दुरुस्तीला ज्याच्याकडे दिली त्याने तार सरळ केली आणि वर आपणहून पूर्ण यंत्राला तेल पाजून दिलं, भात्यासकट. मग तोंड उघडायचा पण आवाज गेला. मी रडायचा बाकी होतो. शेवटी दुसऱ्याकडून भाता नवा करून घेतला, त्याने धूळ बसलेलं तेल काढायलाच दोन दिवस घालवले.

तर मधेच थांबला तर बोट लावायचं नाही, फक्त चावी द्यायची, बाणाच्या दिशेने, जोर न लावता. त्याचा फेरा पूर्ण झाला की तो स्वतःच झोपतो.

आणि पिसांना कसर लागते. लोकरीचे कपडे खाते तीच. डबी महिनोन् महिने बंद ठेवू नका, अधूनमधून उघडून भिंगाने बघत जा. शेपटीपाशी भुरकट जाळी दिसली की समजायचं पाहुणे आलेत.

अजून एक, परदेशी पाठवायची झाली दुरुस्तीला तर आधी नियम बघ. हमिंगबर्डची सगळी जमात सायटीस कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, माझ्या पेटीवरचं कासव तर सगळ्यात कडक परिशिष्टात. जुनी असली तरी कागदपत्रं लागतात, नाहीतर कस्टममध्ये अडकून बसेल.

खुडबुड्या

बापरे, एवढं सगळं. तेल कपाटात गेलं, काकांना काय सांगायचं ते बघू.

काल रात्री हिंमत करून खालची पट्टी काढली. चावी पूर्ण उतरू दिली आधी, म्हणजे खटका सरकवत राहिलो तो थांबेपर्यंत, बिचारा सतरा वेळा उठला झोपला. सहा स्क्रू, तपकीर तुमचं ऐकून अदलाबदल करून बघितली, सगळे सगळीकडे बसतात. साखळी नाही, शंकू नाही. इथेच माझं मन खट्टू झालं.

पण आतलं बघून थक्क झालो. सगळ्यात वर (म्हणजे खाली) तो भाता, काडेपेटीपेक्षा लहान, पिवळट. जिथे दुमडतो तिथे एक लांब चीर, आणि बॅटरी मागून धरली तर उजेड आरपार येतो. बोट लावलं नाही पण नुसत्या श्वासाने त्याची कड हलत होती. शेजारी शिट्टी, हे काय ते म्हणून ओळखायला मला पाच मिनिटं लागली कारण ती माझ्या पेन्सिलीच्या शिसापेक्षा थोडीच जाड वाटते, मागून दट्ट्याची दांडी निघालेली. चकत्या मोजल्या, कडेने दिसल्या तेवढ्या सात. एकीचे दात इतके बारीक की भिंगातूनही मोजताना दोनदा चुकलो. आणि कोपऱ्यात एक इवलासा पंखा, तो कशाला असतो? चालताना भिरभिरत असणार, त्याचाच घुंघुं आवाज येत होता मला.

अजून एक. पट्टीच्या आतल्या अंगाला कुणीतरी सुईने खरवडून लिहिलंय, ५१ आणि पुढे दोन अक्षरं, अजिबात लागत नाहीत. हे बनवणाऱ्याचं का?

चावी_अर्धी

पंखा म्हणजे गव्हर्नर. तो नसेल तर स्प्रिंग सगळं गाणं दोन सेकंदात ओकून टाकेल. हवेला आपटत फिरतो म्हणून वेग बांधलेला राहतो. त्याच्या पात्याला धक्का लावू नकोस, आणि चावी भरलेली असताना तो काढायचा विचारही मनात आणू नकोस, चाकांचे दात साफ होतात.

खरवडलेलं बनवणाऱ्याचं नसतं, दुरुस्त करणाऱ्याचं असतं. घड्याळजी करतात तसं, आपण कधी उघडलं त्याची आठवण. पुढचा आला की त्याच्या शेजारी आपलं लिहितो. चिरेच्या आजूबाजूला कातडीचा रंग एकसारखा आहे की कुठे ठिगळ दिसतंय? ठिगळ असेल तर ५१ वाल्याने भाताच केला असणार.

खुडबुड्या

एका बाजूची पूर्ण कातडी पांढरट आहे, दुसरी पिवळी! म्हणजे अर्धाच बदलला होता. चीर पिवळ्या बाजूला आहे.

पण ५१ म्हणजे १९५१ का १८५१? आत्याला अजून आशा आहे.

तपकीर

छाप बघितलास का?

खुडबुड्या

आत्ता बघितला. खटक्याच्या खाली, आतल्या कडेला. चंद्रकोर, मुकुट, ८३५.

तपकीर

मग १८५१ बाद. ५१ साली दुरुस्तीला आली म्हणजे त्याच्या आधी बरीच वर्षं वाजलेली असणार, वीस-तीस तर सहज. जर्मन काम, २० व्या शतकाचा पहिला अर्धा म्हण. वाईट वाटून घेऊ नकोस, सात चकत्या आणि हलणारी शेपटी म्हणजे काम चांगलं आहे. भाता करायला देशील तेव्हा दोन्ही बाजूंची कातडी बदलायला सांग, नाहीतर काही वर्षांनी पांढरी बाजू तडकेल आणि तू परत इथेच येशील.

खुडबुड्या

हो, दोन्ही बाजू. भात्याचंच काम केलेला एक माणूस मिळालाय, त्याने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, तेल घातलंय का. नाही म्हटल्यावर त्याचा आवाजच बदलला. पुढच्या आठवड्यात देतोय, आवाज आला की रेकॉर्डिंग इथे टाकेन.

आत्याला छापाचं अजून बोललो नाहीये. परवा तिच्याकडे पाहुणे आहेत आणि तिने डबी दाखवायला मागितलीये, न गाणारी का होईना.